आधी काळी, मग करडी

तक्त्यावरचा शेवटचा दिवा
काल रात्री लागला. लाल.
व्हर्नाने नळ घट्ट पिळला, कप तसाच ठेवला, चिकट,
बाटलीतल्या दोन घोटांत तोंड विसळलं
आणि सहाच्या आत गाडी काढली
ग्रंथालयामागच्या गल्लीतून,
कुणाच्या स्वयंपाकघरात उजेड व्हायच्या आधी.

तीस फुटी घर वळवायचं म्हणजे
सगळ्या उपनगराची माफी मागत जायचं.
कातरलेली हिरवळ, टपालपेट्या, गॅरेजवर बास्केटबॉलची कडी,
आणि जमिनीखालून
प्रत्येक घराचं पोट बिनबोभाट रिकामं करणारे पाइप.
इथे बटण दाबलं की गेलं.
तिचं जात नाही. बरोबर येतं,
चढावर मागे सरकतं, वळणावर डुचमळतं,
चाळीस गॅलन, नऊ दिवसांचं.

पेट्रोलपंपावरचं झाकण उन्हाळ्यापर्यंत होतं.
आता तिथे सिमेंट, अजून फिकं,
त्यात कुणीतरी बोटाने कोरलंय: रिको आणि जे.
पंपावरचा पोरगा म्हणाला, लोक घाण करून जायचे.
लोक, असं म्हणाला,
आणि पैसे मोजायला लागला.
मैदानाशेजारच्या ठिकाणाला सप्टेंबरपासून कुलूप.
तिसरं, कॅम्पिंगच्या दुकानात:
खरेदी केली तर फुकट, नाहीतर पंचवीस डॉलर.
तिने विचारलं, सगळ्यात स्वस्त काय आहे?
अठ्ठावीसचा कंदील होता.

कोपऱ्याकोपऱ्यावर पावसाच्या पाण्याच्या जाळ्या, उघड्या.
वर मासा रंगवलेला: हे पाणी ओढ्याला जातं.
एल्डन गेला त्या हिवाळ्यात, एका रात्री,
अशाच एका जाळीपाशी ती
दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी होती.
मासा निळा होता. डोळा एकच.
मग ती निघून गेली.
हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.

सांडपाण्याचं केंद्र शहराच्या पार टोकाला,
रेल्वेच्या रुळांपलीकडे, सीगल पक्ष्यांच्या कलकलाटात.
खिडकीत इओसेफा, खांदे खिडकीहून रुंद,
हातात फॉर्म. फक्त रहिवाशांसाठी.
नाव लिहिलं. गाडीचा नंबर लिहिला.
पत्त्याच्या रेघेवर पेन थांबलं.
"इथल्याच ना तुम्ही?"
"इथलीच," ती म्हणाली,
"दर बहात्तर तासांनी वेगळ्या गल्लीतली."
त्याने फॉर्म ओढून घेतला,
आपल्या फाटकाचाच पत्ता लिहिला, मोठ्या, शाळकरी अक्षरांत.
"सात डॉलर. सुट्टे असतील तर बरं."

हातमोजे एल्डनचे, बोटं लांब.
नळी बसवायची, अर्धा फेरा, टक् ऐकू येईपर्यंत.
दुसरं टोक भोकात, वर दगड.
आधी काळी, मग करडी.
तो दर वेळी म्हणायचा, जणू ती आजच शिकतेय:
करडीचं साबणपाणी मागून आलं
की नळी आपोआप धुतली जाते.
तिने काळीचा खटका ओढला.
आधी नुसती हवा, मग तो आवाज,
ज्याची पहिलं वर्षभर लाज वाटायची
आणि जो आता ती कान देऊन ऐकते:
दाट, मग पातळ, मग थेंब.
मग करडी. केसांचं पाणी, काट्याचमच्यांचं,
मंगळवारच्या घेवड्याचं.
मग शेजारच्या नळाने, ज्यावर लिहिलंय
पिण्याचे पाणी नाही, तिने फरशी धुतली.
आपलं धुतलं, आणि आधी येऊन गेलेल्या कुणाचं
कडेला वाळलेलं होतं, तेही.

परतताना वळणावर काही डुचमळलं नाही.
बंद पडलेल्या गालिच्याच्या दुकानापुढे तिने गाडी थांबवली,
पावती पुन्हा उघडली.
तिचं नाव. त्याखाली पत्ता.
घडी घालून ती एल्डनच्या चष्म्याच्या डबीत ठेवली,
उठली, नळ सोडला,
कप धुतला, गरजेपेक्षा जास्त वेळ.
खाली कुठेतरी रिकाम्या टाकीत
पहिलं पाणी पडल्याचा आवाज आला.