टेबल क्रमांक चार

जिन्याखाली टेबल मांडलंय. एक पाय आखूड,
त्याखाली गेल्या वर्षीचं माहितीपत्रक, चौघडी करून.
वर पाटी : ‘मुक्त निवडीचे विषय – येथे विचारा.’
विचारायचं मला. मी तासिका तत्त्वावरची,
माझी मुक्त निवड दर जूनला
वरच्या मजल्यावर कोणीतरी करतं.

ये, बस. अर्ज सरळ धर.
मुख्य विषय तुझा, त्याला कोणी हात लावत नाही.
पण शाखेबाहेरचं काहीतरी घ्यावंच लागतं,
दोन श्रेयांकांचं. श्रेयांक म्हणजे क्रेडिट रे.
म्हणजे आठवड्याला दोन तास अशा खोलीत बसायचं
जिथे तुझ्या ओळखीचं कोणी नसेल.
नियमात असं लिहिलेलं नाही. मी सांगतेय.

यशोदीप बोरस्ते, निफाड, कॉमर्स.
‘मॅडम, सोप्पं कुठलं?’
मागच्या चौघांच्या माना पुढे आल्या.
ते गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचार,
कुठल्या नोट्स संपतात आणि कुठल्या पडून राहतात
हे त्याच्याइतकं विद्यापीठालाही माहीत नाही.
तो खरंच विचारायला गेला.

हर्षदा खैरनार बोललीच नाही, वडील बोलले :
‘पुढे स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल असं द्या.’
मी यादी तिच्याकडे वळवली.
त्यांनी ती परत स्वतःकडे वळवली.
असं दोनदा झालं.

तौफिक मन्यारने विषय विचारलाच नाही, वेळ विचारली.
दुपारी दोनला अंबडला कार्ड पंच करायचं असतं,
बस सातपूरवरून फिरून जाते.
साडेसातला एकच आहे, संगीताची ओळख.
त्याने लिहून टाकलं.
माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं.
म्हणाला, ‘चालेल की. बेअरिंग जायला लागलं
की मला आधी आवाजात कळतं.’

दुपारी रांग मोडली. पंखा टेबलापर्यंत पोचत नाही,
तरी अर्ज उडू नयेत म्हणून दगड ठेवलेला.
अंजनेरीच्या पायथ्याचा, काळा,
आत पांढऱ्या स्फटिकांचे दाणे.

जयवंती भोये पेठहून पहाटेच्या गाडीने आलेली.
तिने अख्खी यादी वाचली, तळटीपांसकट.
मग म्हणाली, ‘सामान्य शिक्षण म्हणजे
सगळ्यांना यायलाच पाहिजे ते ना?
मग आमच्याकडं सगळ्यांना येतं
त्यातलं यात काहीच कसं नाही?’
माझ्याकडे छापील उत्तरं होती,
त्यात हे नव्हतं.

तिने दगड उचलला, नखाने दाणा खरवडला.
‘असलाच लागला आमच्या विहिरीला, बारा हातांवर.
भोकंच भोकं. पण पाणी नाही.’

याचं उत्तर मला येतं.
भोकं होती, पण त्यांत स्फटिक भरून बसले,
पाण्याने मुरायचं कुठे?
एवढं दोन वाक्यांत सांगता येतं,
आणि नीट सांगायचं तर दोन श्रेयांक लागतात.
यादीत सव्विसावा : ‘खडकांची ओळख.’
वीस नावं झाली तर वर्ग. शनिवारी पाचपर्यंत.
आतापर्यंत अकरा.

म्हणून गप्प बसले.
या टेबलाच्या या बाजूला बसून
‘हा घे’ म्हणायचा मला हक्क आहे का,
हे मला कोणी सांगितलेलं नाही.
इंग्रजी संभाषण घे, असं म्हणाले मी.
पुढे लागेल.
खोटं नव्हतं ते.

तिचं बोट सव्विसावर थांबलं होतं.
‘हे कोण शिकवतं?’
समोरच्या रकान्यात छापलेलं :
नंतर कळवण्यात येईल.
मी दगड पुन्हा अर्जांवर ठेवला.
म्हटलं, बरं शिकवतात.

‘उद्या सांगते,’ म्हणाली, आणि निघाली.
सीबीएसहून पेठची गाडी साडेतीनला.

उद्या शुक्रवार.
आखूड पायाखाली अजून एक घडी लागेल.