काळी चार, उतरती

दोघांचाही धंदा तारेचा.
वडील मिरज जंक्शनवर तारमास्तर,
आणि दस्तगीरमामा शिकलगार
गल्लीच्या तोंडाशी तंबोरे घडवायचे.
एकाच्या तारेवरून मरणाच्या बातम्या यायच्या,
दुसऱ्याच्या तारेतून नुसता षड्ज.

सत्तावन्न साल. दसऱ्याची आपट्याची पानं
अजून कोनाड्यात वाळत पडलेली.
वडिलांनी जुन्या बाजारातला लष्करी रेडिओ
परसात मांडला. शेवग्यापासून टाकीपर्यंत
एरियल ओढताना तार पुरेना,
तर मामा घरी गेले आणि
खर्जाच्या पितळी तारेचं रीळच घेऊन आले.
म्हणाले, "वरचं ऐकायचंय, तर
खालची तार लावून बघा."

खरखर. खरखर. कुठलंसं परकं बोलणं.
मग पहाटेच्या आधी
टुक, टुक, टुक,
कुणी न दमता दार वाजवावं तसं.
मामांनी डोळे मिटले. "काळी चार," म्हणाले.
"नाही. सरकतोय.
कोण खुंटी ढिली करतंय वर?"

वडील हसले. "ते लांब चाललंय,
म्हणून सूर उतरतो. आणि दस्तगीर,
पट्टी त्याची नव्हेच. हे बटण फिरवलं
की काळी चारची पांढरी पाच."
मामांना हे अजिबात पटलं नाही.
"स्वतःचा सा नाही,
आणि पृथ्वीभोवती फिरतंय?"

भाऊबीज झाली. एक-दोन दिवसांत
टुकटुक थांबली.
बॅटरी संपली, वडील म्हणाले.
मामांनी भोपळ्यावर लाख चढवता चढवता
फक्त मान हलवली.

मग दुसरा गेला.
या खेपेला आत कुत्री होती.
शाळेत आम्ही तिचं चित्र काढलं,
मी तर तिला शेपटीजवळ खिडकीही दिली.
संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकावर
माणसं माना वर करून उभी असायची,
कुणी शुक्राकडे बोट दाखवायचं, कुणी नुसत्याच ढगाकडे.

मामा तेव्हा धारवाडच्या एका बाईंचा तंबोरा
पुरा करत होते. जवारी घासून झालेली.
घोडीवर तारेखाली
सुताचा दोरा सरकवत होते, केसभर इकडं, केसभर तिकडं.
त्याला आमच्याकडं जीव म्हणतात.
तो नीट बसला की तार बोलते.
हात न थांबवता त्यांनी विचारलं,
"पहिल्यात जीव नव्हता.
यात घातलाय. काय बोलतोय?"

"आकडे," वडील म्हणाले. "तिच्या ठोक्यांचे."
"आणि खाली कधी यायचीय?"

वडिलांनी उभ्या जन्मात
शब्द मोजूनच वाईट सांगितलेलं.
शब्दाला पैसे पडतात, ही सवय.
"परतीची तार नाही," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मामांनी
बसलेला दोरा पुन्हा काढून घेतला.
आठवडाभर तंबोरा तसाच भिंतीला टेकून,
वाजवला तर पत्र्यासारखा.
धारवाडहून दोन पत्रं आली. उत्तर नाही.
कुत्री वर आहे तोवर, ते म्हणायचे,
आणि रोज संध्याकाळी वडिलांना विचारायचे,
"आहे का?"
"असेल," वडील म्हणायचे.

पंचेचाळीस वर्षांनी पेपरात आलं
की ती पहिल्याच दिवशी,
काही तासांत, उकाड्यानं.

तोवर दोघंही गेलेले.
कुणाला सांगणार.
शेवगा तोडताना खोडात रुतलेली
पितळी तार सापडली, हिरवी पडलेली.
ओढली. थोडी वाजली.