सदतीस

माझ्या फोनात दोन गावं राहतात.
एकात गरोदर बायांची यादी, लोहाच्या गोळ्या,
कुणाला कितवा महिना.
दुसऱ्यात लोहबंदे सरांनी पाठवलेली लिंक :
इयत्ता चौथी, कृती क्रमांक सात,
‘चला, बी उगवूया!’

सेलूच्या पुढं, दुधना ओलांडली की रेंज तुटते.
मिळते ती पाण्याच्या टाकीवर, पाचव्या पायरीला.
यशोधरा तिथं बसते, मी खाली हात पसरून उभी.
लेकरू पडू नये,
अन् खरं सांगायचं तर फोनही.

पडद्यावरच्या बाईकडं काचेची बरणी,
पांढराशुभ्र कापूस, राजम्याचे पाच दाणे.
‘मित्रांनो, स्वयंपाकघरात डोकावून बघा बरं!’
डोकावलं.
बरणी एकच, तीत लोणचं.
राजमा आमच्या उंबऱ्यात कधी आलाच नाही.
कापसाचं मात्र काय सांगावं,
दाराच्या बिजागरीतही अडकलेला असतो.

शेजारी नागोरावमामा बियाण्याचं सोयाबीन निवडायलेते.
मान वर न करता म्हणाले,
‘पाच दाण्यांनी काय कळतंय गं?
शंभर घे. गोणपाट भिजव, पिळून घे.
दहाच्या दहा ओळी मांड, बोटभर जागा सोड,
अन् गुंडाळून ठेव सावलीला.
रोज शिंपड. उघडून बघायची घाई करू नको.’

घाई केलीच तिनं.
वहीत लिहिलं आहे :
दिवस दुसरा. फुगले. ओल्या कुत्र्यासारखा वास.
दिवस तिसरा. एकाला शेपूट.
दिवस चौथा. आई म्हणाली, झोप.

सहाव्या सकाळी गोणपाट उलगडलं.
तिनं मोजलं, मी मोजलं,
पलीकडच्या अफरोजनं वाकून मोजलं.
त्रेसष्ट.
मामा म्हणाले, ‘सत्तरच्या आत हाय.
म्हणजे औंदा बी जास्त धरावं लागंल.’
अन् उठून पोत्यावर कोळशानं काहीतरी खूण केली.

संध्याकाळी परत पाचवी पायरी.
पडद्यावर प्रश्न आला :
तुमचं बी उगवलं का?
हो. नाही.
दोन गोल, बस.

‘आई, त्रेसष्ट कुठं लिहू?’

हे गोल मला ओळखीचे आहेत.
माझ्या फॉर्मातही असेच असतात,
त्यांच्या मधल्या जागेत काही लिहिता येत नाही.
तिनं ‘हो’ दाबलं.
एक चांदणी उगवली, टाळ्या वाजल्या,
खाली नाव आलं : यशोधारा.
ती हसली नाही.

रात्री बघते तर
दिव्याखाली बसून ब्लेडनं दाणे चिरायलीय,
न उगवलेले, सदतीसच्या सदतीस.
‘अकरा किडलेले. चौदांना बुरशी.
तीन अर्धेच होते, मीच नीट बघितलं नव्हतं.’
मग थांबली.
‘पण आई, हे नऊ तर चांगले होते.
काहीच झालं नव्हतं त्यांना.
मग कामून नाही उगवले?’

मला मागच्या आषाढातली एक बाई आठवली, वस्तीवरची.
वजन बरोबर, रक्त बरोबर, तारीख बरोबर.
तिच्या नावापुढं मी एक गोल दाबला होता
अन् फोन पर्समधी ठेवून घरापर्यंत पायी आले होते.
लेकीला म्हणाले, ‘हात धू, चल जेवायला.’

पण वहीच्या पानाचा फोटो काढला.
नऊ दाणे, चिरलेले, ओळीत,
खाली तिचं ते ‘कामून’.
टाकीवर जाऊन सरांना पाठवला.

उत्तर रात्री साडेअकराला सुटलं असावं,
आमच्यापर्यंत पोचलं सकाळी :
‘यशोधरा, मलाही माहीत नाही.
तू काय काय करून बघशील?’

आता ती परत शंभर मोजायलीय.
या खेपेला दोन गोणपाटं आहेत,
एक चुलीजवळ, एक माठाखाली.
फोन मागितला तर म्हणते,
‘तू घेऊन जा तुझ्या बायांकडं.
मला पाच दिवस तरी नको.’