बुटात पाणी ओतून

कणकुंबीच्या पुढं, रस्ता चोर्ल्याकडं उतरायच्या आधी,
सकाळी साडेआठला मी पर्जन्यमापक वाचतो.
पायवाट पाऊण मैल. मधी एक ओढा.
जळवांची गणती कुणी ठेवत नाही.

मागच्या श्रावणात बोटांमधलं कातडं
भिजल्या पोह्यागत सुटायला लागलं.
मथुरा म्हणाली, तुमचा पगार मिलिमीटरवर नाही,
बूट घ्या.

म्हणून बेळगाव. जांबोटीवरनं, दोन तास, उभ्यानं.
खडेबाजारात मड्डीमनीचं दुकान.
त्यानं आधी चामड्याचा काढला. देखणा, वजनदार.
ह्याला दर शनिवारी तेल लागतंय, म्हणाला.
शनिवारी तेल मागणारा एक देव आहे आमच्याकडं,
तेवढा पुरे.

मग कापडी, आत कसलासा पडदा असलेला.
घाम बाहेर जातो, पाणी आत येत नाही.
किंमत ऐकली.
घामाचं खरं होतं.

शेवटी काळा, रबरी, गुडघ्याच्या खाली चार बोटं.
तळ उलटा करून खाचांत अंगठा घालून बघितला,
चिऱ्यावरचं शेवाळ अंगठ्याला ठाऊक असतं.
'नीरु बरंगिल्ल री,' मड्डीमनी म्हणाला.
दाखवा की, मी म्हटलं.

त्यानं तांब्याभर पाणी बुटातच ओतलं,
खाली रद्दी पसरली, बूट उभा केला, चहा सांगितला.
चहा आला, संपला.
रद्दीचं एक पान कानडी होतं, एक मराठी.
दोन्ही भाषांत कोरडं.

मी पण पाणी मोजणारा माणूस. आत वाकून बघितलं.
ओतलं तेवढंच होतं.
म्हणजे वरनं शिरलेलं ह्यातनं जायचंही नाही,
आणि आमचा ओढा कधी कधी मांडीला लागतो.
हे मड्डीमनीला सांगितलं नाही. तो चहाचे पैसे घेत नव्हता.
दोन जोड मोजे मावतील असा एक नंबर वरचा घेतला,
टाच उचलते का बघत दुकानात चार फेऱ्या मारल्या.
बाहेर एक पोरगं हसलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लागला तो मांडीला.
पलीकडं जाऊन मापकाजवळ पोचलो,
पायांत दोन घागरी.
आधी मापक ओतला. एकशे अठ्ठ्याऐंशी. वहीत लिहिलं.
मग एका पायावर उभं राहून डावा बूट ओतला.
मग उजवा.
उजव्यात जरा जास्त होतं,
आणि कोमट.

त्याला वहीत रकाना नाही.