सव्वाचार

इथली माती मुळातच तांबडी.
किती गेलं, ते तिच्यावर कळत नाही.
मी त्याच्या गमबुटाकडे पाहिलं.
बूट काठोकाठ भरून
वरून ओघळत होता.

उसाचा ट्रक थांबलाच नाही.
लाबेजाची मोटरसायकल चरात, चाक अजून फिरतंय,
मागे बसलेला हा कोण, कुणाला ठाऊक नाही.
गर्दी जमली. गर्दीला हात नसतात,
नुसते डोळे
आणि सल्ले.

मी शेंगदाणे भाजून विकते, पाजुलेच्या फाट्यावर.
गेल्या कोरड्या दिवसांत चर्चच्या अंगणात
नर्स लामुनूने आम्हाला केळीच्या खुंटावर शिकवलं होतं:
दाब. सगळा भार दे.
फडकं उचलून बघू नकोस,
बघायची हौस जीव घेते.
आम्ही हसलो होतो. केळीचा खुंट कण्हत नाही.

हा कण्हत होता.
मग शिव्या द्यायला लागला, माझ्या आईवरून,
तेव्हा मला बरं वाटलं.
शिवी द्यायला अंगात काहीतरी उरावं लागतं.

गुडघा त्याच्या जांघेत रोवला.
डोक्यावरचं फडकं सोडून रुंद घडी केली,
गुडघ्याच्या वर, मांडीला आवळून बांधलं,
गाठीत अडकवला मक्याचा घाटा ढवळायचा दांडा
आणि पिळलं.
अजून एक पीळ.
तो ओरडला, मी पिळलं.
धार थांबली तेव्हा कुठे मी थांबले.

म्हातारा ओयेत म्हणाला, सैल कर पोरी, पाय काळा पडेल.
पडू दे.
काळ्या पायाचं डॉक्टर बघतील,
रित्या माणसाचं कोण बघणार?

लिराची बस नुकतीच गेली होती, म्हणजे सव्वाचार.
चुलीतल्या राखेने आकडे लिहिले त्याच्या कपाळावर.
घामावर राख चांगली धरते.
थंडी वाजतेय, म्हणाला, असल्या उन्हात.
शेंगांची पोती रिकामी केली, त्याच्यावर घातली.

वाचला का, तुम्ही विचाराल.
किटगुमचा रस्ता लांब,
पिकअप परत या वाटेने आली नाही.
मला एवढंच माहीत:
वळणापर्यंत धुळीत एकही थेंब नव्हता.
मी वाकून वाकून चालत गेले होते.

दांडा त्याच्याबरोबर गेला.
आज घाटा पळीने ढवळला.
खाली लागला.