नावं ठेवणारी

चौदा वर्षं मी बटणं दाबली.
ओउलूच्या कारखान्यात, उणे तीसच्या शीतखोलीत,
जाड लोकरी हातमोजे घालून
एकाच फोनचं एकच बटण, लाख वेळा.
उजवा अंगठा अजूनही थंडीत
आपला आपण मोजू लागतो.

मग जगातली बटणंच संपली.
कारखान्याला कुलूप लागलं. माझ्या हाती आला
एक पुष्पगुच्छ, आणि वय अठ्ठेचाळीस.

नावं ठेवणं हा माझा धंदा.
पण ठेवायला आधी नाव ठाऊक लागतं,
आणि नावं दर दोन वर्षांनी बदलतात.
म्हणून मंगळवारी,
दुपारीच अंधारलेल्या खिडकीपाशी
मी एमेलीशेजारी बसते. तो सव्वीसचा.
तो शिकवतो स्क्रिप्ट लिहायला,
जी रात्रभर न थकता दाबत राहील.
अंगठ्याची समजूत काढायला
महिना गेला.

या फेब्रुवारीत आमचं अ‍ॅप
घरोघर फिरणाऱ्या नर्सच्या हाती पडलं.
पेशंटच्या दाराचं कुलूप फोननं उघडायचं, इतकंच.
चारशे बारा चाचण्या. सगळ्या हिरव्या.
एमेलीनं दालचिनीचे पाव आणले.

तिसऱ्या दिवशी केंपेलेहून सान्नामारीचा फोन.
आजोबांच्या दारात उभी आहे, उणे अठ्ठावीस,
हातमोजा काढल्याशिवाय दार उघडत नाही.
"दिवसाला अकरा घरं आहेत मला," म्हणाली.
चिडली असती तर बरं झालं असतं.

हातमोजे.
आणि मी. चौदा वर्षं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
आम्हाला पगारच मिळतो पुढं चालण्याचा.
पण पुढची मी, मागचीही मीच,
आणि दगड ओळखीचा.

त्या रात्री कपाटातून जुनी जोडी काढली,
अंगठ्याशी विरलेली.
सकाळी एमेलीनं ती हातात घातली,
त्याला जरा घट्टच झाली.
"टूलिक्की, आता तू शिकव."
आम्ही बाल्कनीत उभे राहिलो.
तो दाबत होता, मी मोजत होते,
वाफेत आकडे दिसेनासे होत होते.

एकतिसाव्या वेळी फोनच विझला.
थंडीनं. बॅटरी अर्धी भरलेली असताना.
मी वही उघडली, पेन गोठलं होतं,
ते काखेत धरून ऊब दिली
आणि मग लिहिलं:
हे मला माहीत नव्हतं.