धुराचा दंड

अल ऐनच्या रोपवाटिकेत, सात नंबरच्या शेडमध्ये
एकोणीस बिया आल्या खाकी पाकिटातून.
पाकिटावरचं लॅटिन नाव कुणालाच धड वाचता येईना.
खाली बारीक अक्षरात : झुडूप. डोंगरमाथ्यावरची गवताळ रानं.
उंची दोन हजार मीटर. दुर्मिळ.

नोंदवही माझ्याकडे.
लिहिलं : भिजवल्या. बारा दिवस. नाही.
लिहिलं : कानशीने घासल्या, थंड पेटीत ठेवल्या. नाही.
तज्ज्ञ आले, चहा पिऊन गेले, हे लिहिलं नाही.
एकोणिसांतल्या अकरा उरल्या.

बिरू येडगे ठिबकच्या नळ्या जोडायचा.
पाटणच्या वरच्या सड्यावरचा, बोलणं मोजकं.
त्याने एक बी तळहातावर घेतली, नखाने टोकरली,
हुंगली,
म्हणाला, "हिनं अजून वणवा बघितला नाय."

शुक्रवारी सगळे नमाजाला गेले तेव्हा
उंटांच्या चाऱ्यातलं वाळकं गवत आणलं त्याने,
तुपाच्या रिकाम्या डब्यात पेटवलं,
वर ओलं गोणपाट दाबलं.
धूर ट्रेवर उतरला
आणि वाड्यात मेंढरं बसावीत
तसा दाटीवाटीनं बसून राहिला.

मग भोंगा.
लाल गाडी, हेल्मेटं, पाण्याचा पाइप,
शम्सा मॅडम अबाया सावरत धावत.
आग का लावलीस?
बिरूने हिंदीत शोधलं, चार शब्दांच्या अरबीत शोधलं,
शेवटी मराठीतच म्हणाला,
"आग नाय. धूर."

भाषांतर मी केलं.
दंडाची पावतीही मीच फाडली, तीनशे दिरहम.

सतराव्या दिवशी ट्रेच्या कडेला
पोपटी टिंब. दुपारपर्यंत दुसरं.
मॅडम कितीतरी वेळ उकिडव्या बसून होत्या.
दंड मात्र परत मिळाला नाही,
त्यासाठी वेगळा फॉर्म लागतो.

दोन वर्षांत झुडूप वीतभर झालं.
पाहुणे वाकून बघतात : एवढंसंच?
तज्ज्ञ सांगतात, याचं खोड, फांद्या, सगळं जमिनीखाली,
वर येतात ती फक्त पानं.
बिरूला हे सांगायचं राहिलं.
त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपलं,
फोन लागतो, पण सड्यावर रेंज नसते.

या जुलैत पानं गळाली.
रकान्यात काय लिहायचं, विचारतात.
मी तारीख टाकतो, पुढची जागा कोरी ठेवतो.
तुपाचा डबा अजून कपाटात आहे, बुडाशी काळा.
शेडमध्ये कुणी नसलं की
झाकण काढून हुंगतो.